कूर्चा पुन्हां उगवते काय ?

आमच्याकडील सुशिक्षित घरांतून गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक नवा वाक्प्रचार रूढ झाला आहे. अमक्या काकूंनीं 'वाट्या बदलून घेतल्या', तमक्या आजोबांच्या 'वाट्या गेल्या', असें आपण सहज बोलतों, आणि ऐकणारासहि त्यांत कांहीं चमत्कारिक वाटत नाहीं. वास्तविक गुडघ्याची वाटी म्हणजे पुढच्या बाजूस हातास लागणारें तें लहानसें वाटोळें हाड. शस्त्रवैद्य बदलतो तें हें हाड नव्हे. फार तर त्याच्या पाठीमागें तो एक चकती बसवितो, आणि पुष्कळदां तेंहि करीत नाहीं. मांडीच्या हाडाचें खालचें टोंक व नडगीच्या हाडाचा माथा तासून त्यांवर धातूचें व प्लास्टिकचें अस्तर चढविणें हें त्याचें खरें काम. बिघडलेली वस्तु असते ती ह्या हाडांच्या टोंकांवरील पांढरें, ओलसर, गुळगुळीत आवरण. त्यास वैद्यकांत कूर्चा म्हणतात. ती झिजली म्हणजे मनुष्य जिना उतरतांना कठडा धरूं लागतो, मांडी घालून जेवावयास बसेनासा होतो, आणि देवळांतली प्रदक्षिणा बाहेरच्या बांकावर बसूनच मनांतल्या मनांत पुरी करतो.

हा विकार आमच्या जुन्या वैद्यांस चांगला माहीत होता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत वातव्याधींच्या प्रकरणीं संधिगतवाताचें वर्णन आलें आहे. सांधा वाऱ्यानें भरलेल्या पखालीसारखा हातास लागतो, व अवयव पसरतांना आणि आंखडतांना वेदना होतात, असें तेथें सांगितलें आहे. गुडघा सुजून कोल्ह्याच्या डोक्यासारखा दिसूं लागला म्हणजे त्या विकारास क्रोष्टुकशीर्ष असें नांव दिलेलें आढळतें. ज्यानें हें नांव योजिलें त्यानें रुग्णाचा गुडघा आणि कोल्हा हे दोन्ही नीट पाहिले असले पाहिजेत ! परंतु झिजलेला भाग पुन्हां उगवतो कीं नाहीं, हा प्रश्न आज ज्या स्वरूपांत आपल्यापुढें उभा आहे, त्या स्वरूपांत तो अठराव्या शतकांत लंडनमध्यें मांडला गेला. तेथूनच आम्ही ह्या हकीकतीस प्रारंभ करतों.

इ. स. १७४३ मध्यें विल्यम हंटर ह्या पंचवीस वर्षांच्या स्कॉटिश तरुणानें रॉयल सोसायटीपुढें सांध्यांच्या कूर्चेची रचना व तिचे रोग ह्या विषयावर एक निबंध सादर केला. हा हंटर पुढें मोठ्या नांवारूपास आला. इंग्लंडच्या शार्लट राणीचा तो वैद्य झाला, लंडनमध्यें त्यानें शरीरशास्त्राची शाळा चालविली, आणि त्याचा संग्रह ग्लासगो विद्यापीठांत आजहि त्याच्याच नांवानें नांदत आहे. त्याचा धाकटा भाऊ जॉन तर शस्त्रवैद्यकाच्या इतिहासांत थोरल्याहूनहि अधिक गाजला. परंतु १७४३ सालीं विल्यम हा लंडनमध्यें नवखाच होता. त्याला असें आढळलें कीं, रक्तवाहिन्यांचें एक वर्तुळ सांध्याच्या कडेपर्यंत येऊन थांबतें. प्रत्यक्ष कूर्चेंत त्या शिरत नाहींत. कूर्चेचे तंतु हाडावर मखमलीच्या लवेप्रमाणें उभे असतात, हेंहि त्यानेंच दाखविलें. आणि ह्याच निबंधांत त्यानें असें एक विधान करून ठेविलें कीं, त्याशीं पुढील प्रत्येक पिढीच्या शस्त्रवैद्यास झुंजावें लागलें. कूर्चेस व्रण पडला म्हणजे तो मोठा त्रासदायक होतो, व एकदां नष्ट झालेली कूर्चा पुन्हां भरून येत नाहीं, हें तें विधान. हिप्पोक्रेटीसच्या काळापासून ह्याविषयीं दुमत नाहीं, असेंहि त्यानें सांगून टाकलें.

हाड मोडलें तर सांधतें, कातडी कापली तर भरते, यकृताचा मोठा तुकडा काढला तरी तें पुन्हां वाढतें. मग ह्या दोन-चार मिलिमीटर जाडीच्या आवरणानेंच असा हट्ट कां धरावा? ह्याचें उत्तर तिच्या घडणींत आहे. शरीरांतील कोणतीहि जखम भरून येण्यास आरंभ रक्तस्रावापासून होतो. रक्त सांकळतें, त्याबरोबर दुरुस्तीस लागणाऱ्या पेशी व द्रव्यें तेथें येऊन पोंचतात, आणि मग डागडुजी सुरू होते. कूर्चेंत रक्तवाहिनी नाहीं व ज्ञानतंतूहि नाहीं. तिचा बराच मोठा भाग पाणी आहे. तें पाणी धरून ठेवणारीं द्रव्यें कोलॅजन नांवाच्या चिवट तंतूंच्या जाळ्यांत कोंडलेलीं असतात, आणि ह्या पसाऱ्यांत जिवंत पेशी इतक्या विरळ कीं, एकूण आकारमानाच्या शेंकडा पांचहि त्या भरत नाहींत. प्रत्येक पेशी आपापल्या कोठडींत बंद. शेजारची पेशी मेली तरी तिच्या जागीं जाण्याची हिची प्राज्ञा नाहीं. त्यांस अन्न मिळतें तें सांध्यांतील द्रवापासून. आपण पाऊल टाकलें म्हणजे कूर्चा ओल्या स्पंजासारखी दाबली जाते, उचललें म्हणजे फुगते, आणि ह्या हालचालीनें द्रव आंत-बाहेर होतो. उठतां बसतां सगळ्या शरीराचा भार जेथें पडतो तेथें रक्तवाहिनी असती तर ती पहिल्याच पावलास चिरडली असती. तेव्हां ज्या व्यवस्थेमुळें कूर्चा साठ-सत्तर वर्षें भार सोसते, तीच व्यवस्था तिच्या दुरुस्तीच्या आड येते.

येथें जातां जातां एका समजुतीचा उल्लेख केला पाहिजे. 'गुडघ्यांतलें वंगण संपलें' असें आपल्याकडे सर्रास म्हणतात, आणि कांहीं डॉक्टरहि रुग्णास समजावें म्हणून तीच भाषा बोलतात. परंतु झिजलेल्या गुडघ्यांत द्रव आटलेला असतोच असें नाहीं. उलट पुष्कळदां तो वाढून गुडघा सुजतो. बैलगाडीच्या चाकास ओंगण घालावें तशी ही गोष्ट नाहीं.

हंटरच्या विधानास सर्वांत बळकट पुरावा मिळाला तो २०१६ सालीं, आणि तोहि अणुबाँबच्या राखेंतून. १९५० नंतरच्या वर्षांत महासत्तांनीं उघड्यावर जे अण्वस्त्रांचे स्फोट केले, त्यांमुळें हवेंतील किरणोत्सर्गी कार्बनचें प्रमाण जवळजवळ दुप्पट झालें, व १९६३ च्या करारानंतर तें हळूहळू उतरूं लागलें. त्या काळांत वाढलेल्या प्रत्येक मनुष्याच्या शरीरांत ह्या कार्बनचा शिक्का उमटला आहे. डेन्मार्कमधील संशोधकांनीं गुडघ्याच्या कूर्चेंतील कोलॅजनमध्यें हा शिक्का तपासला. निष्कर्ष असा निघाला कीं, कूर्चेचें जाळें वाढत्या वयांत एकदां विणलें जातें, आणि त्यानंतर मरेपर्यंत त्यांत नवा धागा जवळजवळ पडत नाहीं. निरोगी गुडघ्यांत पडत नाहीं आणि झिजलेल्या गुडघ्यांतहि पडत नाहीं. सत्तरीच्या गृहस्थाचे केस, कातडी, रक्त हीं अनेकवार नवीं झालेलीं असतात. परंतु ज्या जाळ्यावर तो उभा असतो तें त्याच्या विशीच्या आंतलें असतें. एकशें सव्वीस नाहीं, दोनशें त्र्याहत्तर वर्षांनीं हंटरचें म्हणणें असें अणूच्या साक्षीनें खरें ठरलें.

शस्त्रवैद्य मात्र स्वस्थ बसले नव्हते. जें उगवत नाहीं तें बाहेरून आणून बसवावें, हा सरळ विचार. बर्लिनच्या थेमिस्टोक्लीस ग्लुक ह्यानें १८९० सालीं क्षयानें खाल्लेल्या गुडघ्याच्या जागीं हस्तिदंती सांधा बसविला. कल्पना धाडसाची होती. पण रोगाचे जंतु तेथेंच ठाण मांडून असल्यामुळें ती टिकली नाहीं. १९०८ सालीं जर्मनींतच एरिख लेक्सर ह्यानें कापून काढलेल्या पायांतले ताजे सांधे दुसऱ्याच्या गुडघ्यांत रोपण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. पुढें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ह्याच विचारास यश आलें. १९६० च्या सुमारास जॉन चार्नली ह्यानें इंग्लंडांत खुब्याचा कृत्रिम सांधा सिद्ध केला, आणि १९७४ च्या सुमारास न्यूयॉर्क येथें जॉन इन्सॉल, पीटर वॉकर व आमचे भारतीय शस्त्रवैद्य चित्तरंजन राणावत ह्यांच्या हातून आजच्या कृत्रिम गुडघ्याचा नमुना तयार झाला. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी ह्यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्यें व उजवा पुढच्या वर्षीं जूनमध्यें मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयांत ह्याच राणावतांनीं बदलला. त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून गुडघ्याच्या आकृति छापून आल्या होत्या, आणि आमची अशी समजूत आहे कीं, 'वाट्या बदलणें' हा प्रयोग मराठी घरांत खऱ्या अर्थानें तेव्हांपासूनच रुळला. ह्या शस्त्रक्रियेविषयीं येथें अधिक लिहिण्याचें कारण नाहीं. ती उत्तम आहे, लाखों लोकांस तिनें पुन्हां चालतें केलें आहे. परंतु ती हंटरच्या विधानाचें खंडन करीत नाहीं. उगवत नाहीं हें मान्य करूनच ती पुढें जाते.

आम्हांस येथें सांगावयाची आहे ती दुसऱ्या पंथाची हकीकत. हंटर चुकला असें सिद्ध करण्याची ज्यांची उमेद होती, त्यांची.

ह्या पंथाचा आद्य प्रयोग मोठा साधा होता. रक्त पोंचत नाहीं म्हणून कूर्चा भरत नाहीं. तर मग रक्त तेथें नेऊन पोंचवावें. ब्रिस्टलचे शस्त्रवैद्य केनेथ प्रिडी ह्यांनीं १९५९ सालीं प्रसिद्ध केलेल्या पद्धतींत, उघड्या पडलेल्या हाडास सामत्यानें भोंकें पाडून खालच्या मज्जेपर्यंत वाट करून दिली. मज्जेंतलें रक्त वर आलें, सांकळलें, आणि त्या गुठळींतून खरोखरच एक नवें आवरण तयार झालें. पुढें अमेरिकेंत कोलोरॅडोंतील व्हेल येथें रिचर्ड स्टेडमन ह्यांनीं सामत्याऐवजीं जोडे शिवण्याच्या आरीसारखें टोंकदार हत्यार घेतलें, व दुर्बिणींतून पाहून तींच छिद्रें बारीक व नेमकीं पाडण्यास आरंभ केला. गुडघ्यांत दुर्बीण घालण्याची कल्पना तोंपर्यंत जुनी झाली होती. टोकियोंत केन्जी ताकागी ह्यांनीं १९१८ मध्येंच मूत्राशय पाहण्याची नळी प्रेताच्या गुडघ्यांत घालून पाहिली होती. स्टेडमन ह्यांची पद्धत जगभर पसरली, खेळाडूंना तिनें मैदानावर परत आणलें. परंतु उगवलेला पदार्थ तपासला तेव्हां तो मूळची कांचेसारखी नितळ कूर्चा नसून तंतुमय कूर्चा असल्याचें दिसलें. पैठणीस कांबळ्याचें ठिगळ लावावें तशांतला प्रकार. भोंक बुजतें खरें, पण कांहीं वर्षांत ठिगळ विरतें.

खरी आशा उत्पन्न झाली ती स्वीडनमध्यें. गॉथेनबर्ग येथील लार्स पीटरसन, माट्स ब्रिटबर्ग व त्यांचे सहकारी ह्यांनीं असा विचार केला कीं, पेशी आपली कोठडी सोडीत नाहीं तर तिला सोडवून बाहेर आणावी. रुग्णाच्या गुडघ्यांतील ज्या भागावर भार पडत नाहीं तेथून कूर्चेची लहानशी कपची काढावयाची, पाचक रसांनीं तिचें जाळें विरघळवून पेशी मोकळ्या करावयाच्या, आणि प्रयोगशाळेंत दोन-तीन आठवडे त्या वाढवावयाच्या. मग गुडघा उघडून जखमेवर हाडाच्या पापुद्र्याची झांकणी शिवावयाची आणि तिच्याखालीं ह्या पेशी सोडावयाच्या. सशांवर यश आल्यानंतर १९८७ सालीं पहिल्या मनुष्यावर हा प्रयोग झाला. तेवीस रुग्णांची हकीकत १९९४ च्या ऑक्टोबरांत न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्यें छापून आली. मांडीच्या हाडावर जखम असलेल्या सोळांपैकीं चवदा जणांस चांगला किंवा उत्कृष्ट गुण आला होता. वाटीच्या पाठीमागची जखम असलेल्या सातांपैकीं मात्र दोघांसच. मांडीच्या हाडावरील ज्या पंधरा जागांचे नमुने तपासले त्यांपैकीं अकरांत नितळ कूर्चेसारखी रचना दिसली. १९९७ मध्यें अमेरिकेच्या औषध-नियंत्रकांनीं ह्या उपचारास परवाना दिला. आमच्या देशांत रुग्णाच्याच कूर्चापेशींपासून केलेल्या अशा उपचारास २०१७ सालीं मान्यता मिळाली, आणि ज्या कंपनीस ती मिळाली तिची प्रयोगशाळा पुण्या-मुंबईच्या वाटेवर, लोणावळ्यास आहे.

आतां हंटरला उत्तर मिळालें, असें वाचकांस वाटेल. आम्हांसहि तसें म्हणावयास आवडलें असतें. परंतु हे तेवीस रुग्ण कोण होते तें पाहिलें पाहिजे. ते चवदा ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. पडून, मुरगळून किंवा तत्सम कारणानें कूर्चेस एका जागीं खळगा पडलेले. भोंवतालची कूर्चा धडधाकट. साठीनंतरच्या झिजलेल्या गुडघ्याची गोष्ट निराळी आहे. नव्या धोतरास खिळा लागून भोंक पडलें तर रफू करतां येतें. सर्व बाजूंनीं विरलेल्या धोतरास रफू करावयास सुई कोठें टोंचावी? शिवाय त्या गुडघ्यांत कूर्चा एकटी बिघडलेली नसते. खालचें हाड घट्ट व खडबडीत होतें, कडांस कांटे फुटतात, आंतलें अस्तर सुजतें, भोंवतालचे स्नायु रोडावतात. रफू टिकावयाचें तें अशा ठिकाणीं कसें टिकावें ? म्हणून हा उपचार मुख्यतः तरुणांच्या जखमेपुरता राहिला, आणि आजीच्या गुडघ्यास त्याचा फारसा उपयोग झाला नाहीं.

आजीसाठीं दुसरी एक वाट निघाली, आणि ह्या वाटेवरच आज मोठा बाजार भरला आहे. मॉस्कोंत अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन ह्यांनीं १९६० नंतरच्या वर्षांत अस्थिमज्जेंतून अशा पेशी वेगळ्या केल्या कीं, त्यांपासून नवें हाड तयार होऊं शके. पुढें क्लीव्हलंडचे अर्नोल्ड कॅप्लन ह्यांनीं १९९१ मध्यें अशा पेशींस 'मेझेंकायमल स्टेम सेल' असें नांव दिलें. स्टेम सेल म्हणजे मूलपेशी. जीपासून हाड, कूर्चा, चरबी असे निरनिराळे धातु होऊं शकतात ती. नांवांत मोठी जादू असते. ज्या पेशीपासून कूर्चा होऊं शकते ती गुडघ्यांत टोंचली म्हणजे कूर्चा होईल, असें कोणासहि वाटावें. आणि तसें वाटूं देण्यांत ज्यांचें हित होतें त्यांनीं तें वाटूं दिलें. जपानांत वाकितानी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००२ सालीं बारा गुडघ्यांत मज्जेंतील पेशी सोडल्या व बारांत सोडल्या नाहींत. आंत डोकावून पाहतां पेशी सोडलेले गुडघे अधिक भरलेले दिसले. परंतु चालण्या-फिरण्यांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. दक्षिण कोरियानें २०१२ मध्यें नाळेच्या रक्तांतील पेशींपासून केलेल्या उपचारास परवानगी दिली. आमच्याकडे २०२२ सालीं बेंगळुरूच्या एका कंपनीनें दात्यांच्या अस्थिमज्जेपासून तयार केलेलें इंजेक्शन गुडघ्याच्या झिजेसाठीं मान्य होऊन बाजारांत आलें.

आणि ज्यांनीं नांव दिलें होतें त्या कॅप्लन ह्यांनीं काय केलें ? २०१७ सालीं त्यांनींच एक लेख लिहून हें नांव बदलावें अशी सूचना केली. त्यांचें म्हणणें असें कीं, ह्या पेशी शरीरांत टोंचल्यावर स्वतः कूर्चा किंवा हाड होत नाहींत; त्या कांहीं द्रव्यें स्रवतात, आणि त्या द्रव्यांनीं तेथील दाह कमी होऊन मूळच्या पेशींस काम करण्यास मदत होते. आपण दिलेल्या नांवावरून जगांत चाललेली फसवणूक पाहून एका शास्त्रज्ञानें तें नांव परत मागावें, हा प्रसंग शास्त्राच्या इतिहासांत विरळा आहे, आणि आम्हांस तरी तो त्यांच्या मूळ शोधाइतकाच आदरणीय वाटतो. त्याच वर्षीं आमच्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेंहि मूलपेशींच्या संशोधनाचे नियम नव्यानें प्रसिद्ध करून बजावलें कीं, रक्ताच्या विकारांवरील मान्य उपचार सोडल्यास मूलपेशींचा वापर रीतसर मंजूर झालेल्या प्रयोगाबाहेर करूं नये. तरीहि जाहिराती थांबलेल्या नाहींत.

ह्याच बाजारांत रुग्णाचें रक्त काढून, फिरवून, त्यांतील बिंबाणु दाट करून गुडघ्यांत टोंचण्याचा प्रकार आहे. मूळचा तो दांतांच्या व जबड्याच्या शस्त्रक्रियेंत १९९८ च्या सुमारास पुढें आला, आणि तेथून गुडघ्यापर्यंत खालीं उतरला. ऑस्ट्रेलियांत २८८ रुग्णांवर त्याची कसून परीक्षा झाली व तिचा निकाल २०२१ मध्यें लागला. अर्ध्या लोकांस बिंबाणु टोंचले, अर्ध्यांस नुसतें मिठाचें पाणी. कोणास काय टोंचलें तें ना त्यांस ठाऊक ना टोंचणारास. वर्षानंतर दोघांचेंहि दुखणें कमी झालें होतें, आणि दोहोंत फरक नव्हता. कूर्चेच्या मोजमापांतहि नव्हता. अमेरिकेंत २०२३ सालीं ४७५ रुग्णांची परीक्षा प्रसिद्ध झाली. त्यांत रुग्णाच्या स्वतःच्या मज्जेंतील पेशी, चरबींतील पेशी, आणि नाळेंतील पेशी हे तीनहि प्रकार साध्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनाशीं ताडून पाहिले. वर्षअखेर तिहींपैकीं एकहि त्याच्यापेक्षां सरस ठरला नाहीं.

"पण आमच्या शेजाऱ्यांना गुण आला !" असें ह्यावर हटकून सांगितलें जातें, आणि सांगणारा खोटें बोलत नसतो. ह्या ठिकाणीं ह्यूस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेला एक प्रयोग सविस्तर सांगितल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. तेथें ब्रूस मोझली नांवाचे शस्त्रवैद्य होते. झिजलेल्या गुडघ्यांत दुर्बीण घालून आंतला केरकचरा धुऊन काढण्याची शस्त्रक्रिया त्या काळीं अमेरिकेंत सर्रास होत असे, आणि रुग्णांस बरें वाटे. मोझली ह्यांनीं १८० रुग्णांचे तीन गट केले. एकांचा गुडघा धुतला व खरवडला, दुसऱ्यांचा नुसता धुतला, आणि तिसऱ्यांना गुंगीचें औषध देऊन कातडीवर फक्त चिरे दिले, पाण्याचे आवाज केले, नेहमींइतका वेळ घालविला, आणि चिरे शिवून टाकले. कोणावर काय करावयाचें तें शस्त्रक्रियेच्या खोलींत लखोटा फोडल्यावर शस्त्रवैद्यास कळे. प्रत्येक रुग्णाकडून, आपल्यावर लटकी शस्त्रक्रिया होऊं शकेल व ती झाल्यास आपल्या गुडघ्याच्या झिजेस कांहीं उपयोग होणार नाहीं हें मला समजलें आहे, असें अगोदर स्वहस्तें लिहून घेतलें होतें; आणि पात्र ठरलेल्यांपैकीं शेंकडा चव्वेचाळीस लोकांनीं हें ऐकून नकार दिला, ह्यांत नवल नाहीं. दोन वर्षें सर्वांचें दुखणें मोजलें गेलें. खरी शस्त्रक्रिया झालेले लोक लटकी झालेल्यांपेक्षां कोणत्याहि टप्प्यावर अधिक बरे नव्हते. निकाल २००२ सालीं जाहीर झाला, आणि पुष्कळ शस्त्रवैद्य त्यावर चिडले.

गुडघ्याचें दुखणें हें भरती-ओहोटीसारखें असतें. मनुष्य डॉक्टरकडे जातो तो भरतीच्या वेळीं. नंतर कांहीं केलें तरी ओहोटी यावयाचीच. त्यांत कोणी मन लावून आपली विचारपूस केली, कांहीं टोंचलें, पैसे घेतले, म्हणजे ओहोटीचें श्रेय टोंचणीस मिळतें. मिळूं द्यावें, असें कोणी म्हणेल. परंतु निवृत्तिवेतनावर संसार चालविणाऱ्या वृद्ध जोडप्यानें ठेव मोडून हीं इंजेक्शनें घेतलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत, आणि त्याच जोडप्यास मांडीचे स्नायु बळकट करण्याचा व्यायाम आणि थोडें वजन उतरविणें, ह्या फुकटच्या व सिद्ध उपायांविषयीं कोणी दहा मिनिटें बसून सांगितलें नव्हतें. आमच्या मतें खरी तक्रार हीच आहे.

बाजार बाजूस ठेवून पुन्हां शास्त्राकडे वळलें म्हणजे चित्र अधिक गुंतागुंतीचें व अधिक मनोरंजक दिसतें. २०१९ सालीं स्प्रिफर्मिन नांवाच्या द्रव्याच्या परीक्षेचा निकाल प्रसिद्ध झाला. पेशींची वाढ करणारें तें एक प्रथिन आहे. ५४९ रुग्णांवर दोन वर्षें प्रयोग झाला, आणि जास्त मात्रेचे डोस दर सहा महिन्यांनीं घेणाऱ्यांची कूर्चा मिठाच्या पाण्याच्या गटाच्या तुलनेंत खरोखरच जाड राहिली. वाढ किती ? एका मिलिमीटरचा विसावा भाग. अल्प खरी, पण हंटरच्या विधानास एवढाहि तडा पूर्वीं औषधानें गेला नव्हता. दुर्दैव असें कीं, ह्या लोकांचें दुखणें मात्र इतरांइतकेंच राहिलें. कूर्चेस ज्ञानतंतु नाहींत, हें आम्हीं वर सांगितलेंच आहे. दुखतें तें हाड, अस्तर, आणि भोंवतालचा परिवार. तेव्हां पावणेतीनशें वर्षें ज्या प्रश्नाचा पाठपुरावा झाला, तो प्रश्न आणि रुग्णाचा प्रश्न हे एकच आहेत कीं काय, अशीच शंका येऊं लागते. कूर्चा उगवली तर गुडघा दुखावयाचा राहील, हें आजवर सर्वांनीं गृहीत धरलें होतें; सिद्ध कोणींच केलें नव्हतें.

ह्याच्या उलट टोंकास नेदर्लंड्समधील उत्रेख्त येथील प्रयोग आहे, आणि त्यांत पेशी नाहीं, औषध नाहीं, कांहीं नाहीं. सैबेरियांतल्या कुर्गान गांवीं इलिझारोव्ह ह्या शस्त्रवैद्यानें १९५० नंतर मोडलेल्या हाडांसाठीं जें बाहेरून बसविण्याचें सळयांचें व कड्यांचें यंत्र काढलें, त्याच जातीचें यंत्र ह्या डच मंडळींनीं गुडघ्यावर बसविलें व दोन हाडें एकमेकांपासून सुमारें पांच मिलिमीटर दूर करून तशींच दोन महिने ठेविलीं. वीस रुग्ण, सर्व साठीच्या आंतले, ज्यांस एरव्हीं कृत्रिम सांधा सांगितला असता. २०११ सालीं त्यांनीं वर्षभरानंतरचीं मोजमापें प्रसिद्ध केलीं. चुंबकीय चित्रांत कूर्चेची सरासरी जाडी २.४ मिलिमीटरांवरून ३.० पर्यंत गेलेली दिसली, आणि दुखणेंहि कमी झालें होतें. सळयांच्या भोंवतीं जंतुसंसर्ग होणें हा ह्या उपायांतला नेहमींचा त्रास, दोन महिने पायांत लोखंडी पिंजरा वागविणें हा दुसरा, आणि रुग्णांची संख्या फार लहान हा तिसरा आक्षेप. तरी विसांव्यानें जें झालें तें महागड्या टोंचणीनें झालें नव्हतें, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

पण डेन्मार्कच्या संशोधकांस जुनें जाळें बदलत नाहीं असें आढळलें होतें, त्याचें काय ? जुनें जाळें बदलत नाहीं म्हणून त्यावर नवें विणलें जात नाहीं असें ठरत नाहीं, असा एक पक्ष आहे. अमेरिकेंतील ड्यूक व स्वीडनमधील लुंड येथील संशोधकांनीं २०१९ सालीं कूर्चेंतील प्रथिनांचें वय दुसऱ्या एका रीतीनें मोजलें. घोट्याच्या कूर्चेंतील प्रथिनें तरुण निघालीं, गुडघ्यांतील मध्यमवयीन, आणि खुब्यांतील म्हातारीं. पालीचें शेंपूट तुटलें तर पुन्हां येतें हें आपण पाहतों. त्याहून पुढें गेलेला सॅलॅमँडर नांवाचा जलचर तर तुटलेला सबंध पाय पुन्हां उगवतो, आणि त्याहि प्राण्याचा पाय टोंकाकडे लवकर व धडाकडे उशिरां भरतो. ह्या संशोधकांस असें आढळलें कीं, त्या प्राण्याच्या पायांत ही वाढ चालविणारे जे रासायनिक हुकूम असतात, त्यांपैकीं कांहीं मनुष्याच्या कूर्चेंतहि अद्याप शिल्लक आहेत. घोट्यांत अधिक, गुडघ्यांत कमी, खुब्यांत सर्वांत कमी. म्हातारपणीं घोटे क्वचितच झिजतात आणि गुडघे व खुबे झिजतात, हें प्रत्येक घरास ठाऊक आहेच.